भरजरीतली मोकळी जागा

टीव्हीवर ऐतिहासिक मालिका सुरू झाली की आमच्या घरात माझ्या शेजारी कुणी बसत नाही. दरबाराचं दृश्य आलं की माझं लक्ष संवादांवरून उडून कापडावर जातं आणि तोंडही चालू होतं. राजा जेकार्डमध्ये, म्हणजे विणतानाच नक्षी भरलेल्या कापडात, प्रधान जेकार्डमध्ये, भाला धरून दाराशी उभा असलेला शिपाईसुद्धा जेकार्डमध्ये. सिंहासनामागचा पडदा बहुधा त्याच ताग्यातला. सगळ्यांच्या अंगभर वेलबुट्टी, सगळी सोनेरी, सगळी सारख्याच चमकेची. यात राजा कोण हे कळायला त्याने सिंहासनावर जाऊन बसावंच लागतं.

मी गेली बरीच वर्षं हौशी संस्थांच्या आणि स्पर्धेच्या नाटकांची वेशभूषा बघते. आमच्याकडे कपड्यांचं बजेट म्हणजे सेटवाला आणि टेम्पोवाला यांचं भागवून जे उरेल ते. त्यामुळे थोडं ड्रेपरीवाल्याकडून भाड्याने आणायचं, थोडं ओळखीपाळखीच्या घरांतून मागायचं आणि उरलेल्यासाठी रविवार पेठेतल्या कापडगंजात नाहीतर मुंबईच्या मंगलदास मार्केटात हिंडायचं. शिवाय नात्यात लग्न निघालं की ‘तुला कापडातलं कळतं’ म्हणून शेरवानीच्या खरेदीला मलाच धरून नेतात. रंगमंच असो की लग्नाचा मांडव, माणसं नक्षी किती भरली आहे ते बघून पसंती देतात. माझं म्हणणं असं की भरजरी कापड घेताना आधी जमीन, म्हणजे नक्षीमागचं साधं कापड, किती मोकळी सोडली आहे ते बघावं.

हे नुसतं माझ्या आवडीनिवडीचं बोलणं नाही. याचा धागा फ्रान्समधल्या लिआँ शहरापर्यंत जातो.

विणताना नक्षी काढायची म्हणजे प्रत्येक आडव्या धाग्याच्या वेळी कुठले उभे धागे वर उचलायचे ते बदलत राहावं लागतं. पूर्वी हे सगळं हाताने चाले. बनारसला कारागीर दोऱ्यांमध्येच नक्षा बांधत. तो मागावर टांगला की एक जण दोऱ्यांचे झुबके ओढून उभे धागे उचली आणि दुसरा खाली बसून धोटा फेकी. युरोपातही तीच तऱ्हा. दोऱ्या ओढायचं काम तिथे बहुतेक पोरांच्या नशिबी येई. नक्षी अवघड असली तर दिवसभर खपून कापड बोट-दोन बोटं पुढे सरके. 1804 साली लिआँच्या जोसेफ मारी जेकार्डने भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं एकमेकांना शिवून मागाच्या डोक्यावर चढवली. भोक असेल तिथे सुई आत जाते, तिच्या हुकाबरोबर उभा धागा वर उचलला जातो. भोक नसेल तिथे सुई मागे ढकलली जाते आणि धागा जागच्या जागी राहतो. आडव्या एका धाग्याला एक कार्ड. त्याच्या आधी 1725 ते 1745 या वीस वर्षांत बुशाँ, फाल्काँ आणि व्होकांसाँ या तिघांनी याच दिशेने खटपट केली होती. जेकार्डने ती धंद्यात चालेल अशी केली. 1839 मध्ये त्याचंच व्यक्तिचित्र रेशमात विणलं गेलं, त्याला सुमारे 24,000 कार्डं लागली. ही कार्डांची कल्पना पुढे गणनयंत्राचा आराखडा करणाऱ्या चार्ल्स बॅबेजने कशी उचलली ते कॉम्प्युटरवाले नेहमीच सांगतात, मी त्यात शिरत नाही.

माझ्या कामाची गोष्ट यातली वेगळीच आहे. कार्डांचा संच एकदा पंच झाला की एक मोर विणा नाहीतर हजार मोर विणा, डोक्याला ताप तेवढाच. आता तर कार्डंही मागे पडली. इलेक्ट्रॉनिक जेकार्ड कॉम्प्युटरवरची फाइल वाचतो आणि सुरतेत पॉवरलूमवर भराभर मीटर पडतात. एकेक बुट्टा म्हणजे कुणाचे तरी तास, असं होतं तेव्हा अंगभर नक्षी म्हणजे खरोखरच श्रीमंती होती. आता नक्षीला वेगळे पैसे पडत नाहीत. मग कापड बनवणारा हात आखडता का घेईल? जिथे मोकळं दिसेल तिथे तो एक बुट्टी टाकतो, बुट्टीच्या मध्ये पान टाकतो, पानाच्या कडेला ठिपके टाकतो.

आणि जुने लोक तरी सगळे अंगभर जर घालून बसत होते का? 1790च्या दशकात जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार पुण्यात आला होता. त्याने काढलेली सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची चित्रं अनेकांनी पुस्तकात तरी पाहिली असतील. त्यांत अंगावरचं मुख्य वस्त्र आहे पांढरं, पातळ, मलमलीसारखं. वैभव दिसतं ते मोत्यांत, शिरपेचात, बैठकीत. किनखाब, म्हणजे जरीच्या नक्षीचं रेशमी कापड, त्या काळी होताच; मानाच्या वस्त्रांत दिला जाई, गाद्या-लोडांवर चढे. पण माणसाला त्यात बुडवून काढायची रीत नव्हती. ही चित्रं मी फोनमध्ये ठेवली आहेत, कारण ‘पेशवे आहेत हो, पांढऱ्यात कसे शोभतील?’ हा प्रश्न मला दर ऐतिहासिक नाटकाला विचारला जातो. मी चित्र दाखवते. दिग्दर्शक मान डोलावतो आणि म्हणतो, ‘ते खरंय, पण प्रेक्षकांना सोनेरी लागतं.’ मग आमची तडजोड होते: अंगरखा मलमलीचा, शेला भरजरी. तालमीत पहिल्यांदा कपडे चढवले की हाच दिग्दर्शक शेल्याचं कौतुक करतो. एवढ्या पांढऱ्यावर तो एकटाच असतो, मग दिसेल नाहीतर काय!

बरं, दुकानात गेल्यावर काय करायचं? मी तागा उलटा टाकायला सांगते. दुकानदार म्हणतात, ‘ताई, उलटी बाजू कोण बघतंय?’ मी बघते. सुलट बाजू दुकानदारासाठी विणलेली असते, विणकराने काय केलं ते उलट बाजूला कळतं. नक्षीत जो धागा वर दिसत नाही तो मागे कुठेतरी असतोच. काही कापडांत तो एका बुट्ट्यापासून दुसऱ्या बुट्ट्यापर्यंत मोकळा लोंबत जातो. हे तरंगते धागे आखूड असले तर चिंता नाही. दोन-तीन बोटं लांब असले की त्यात बांगडी अडकते, हुक अडकतो, तलवारीची मूठ अडकते, आणि घाईघाईने कपडे बदलताना नटाचं बोट अडकून एकच चर्रकन आवाज येतो. म्हणून असं कापड अस्तराशिवाय शिवायचंच नाही. काही कापडांत ते मागचे धागे कापून टाकलेले असतात. मग कापड हलकं होतं खरं, पण बुट्ट्याच्या कडा नखाने खरवडून बघाव्यात. धागे उभे राहायला लागले तर दोन ड्रायक्लीनमध्ये बुट्टा टक्कल पडल्यासारखा दिसणार. बनारसच्या कढुआ कामात मात्र प्रत्येक बुट्टा स्वतंत्र छोट्या कांडीने भरलेला असतो, मागे लोंबकळणारं काही नसतं. तिथे किंमत पाहून डोळे पांढरे झाले तरी कारागिराशी भांडू नये.

उलट्या बाजूची गंमत सगळ्यात जास्त दिसते ती हिमरूमध्ये. छत्रपती संभाजीनगरचं, म्हणजे जुन्या औरंगाबादचं हे कापड. सूत आणि रेशीम यांचं. दिल्लीची राजधानी चौदाव्या शतकात दौलताबादला आली तेव्हा विणकरही आले अशी तिकडे परंपरेने सांगितली जाणारी कथा आहे. पुढे निजामाच्या अमलात हिमरूच्या शेरवान्या मानाच्या झाल्या. हिमरूच्या पाठीमागे जादा रेशमी धाग्यांचा एक सैलसर थरच तयार होतो, त्यामुळे ते कापड अंगाला ऊबदार आणि मऊ लागतं. जुना तुकडा मिळाला तर तळहातावर उलटा ठेवून बघा. कापड नव्हे, लव हाताशी लागते. आता हातमागावरचं हिमरू विणणारे अगदी मोजके उरलेत आणि त्या नावाने शाली विकणारे भरपूर. नाटकात मी हिमरूचा वापर करते तो म्हाताऱ्या सरदारांसाठी. त्याची चमक दबलेली असते, जणू त्या घराण्यात पैसा जुना झालाय.

पैठणीचं उलट. खऱ्या पैठणीचा पदर जेकार्डवर होत नाही. तिथे रंगारंगाच्या छोट्या कांड्या हाताने फिरवत, एका रंगाचा धागा दुसऱ्यात गुंतवत मोर भरला जातो आणि मागची बाजू जवळजवळ पुढच्यासारखीच निघते. ‘हातमागाची पैठणी’ म्हणून दाखवलेल्या पदराच्या मागे धाग्यांचं रान माजलेलं असेल तर ते यंत्राचं जेकार्ड आहे, एवढं ओळखायला कुणी तज्ज्ञ लागत नाही. जेकार्डची पैठणी वाईट असं मी म्हणत नाही. कोरसमधल्या आठ बायकांना मी तीच नेसवते. फक्त ती जेकार्डच्या भावात मिळावी.

आता शेरवानीकडे येते, कारण तिथे आणखी एक भानगड असते. माझ्या भाच्याच्या लग्नात त्याने लक्ष्मी रोडवरच्या एका दुकानात वाइन रंगाचं कापड निवडलं. टपोरे मोर, वितीएवढे, एकाखाली एक, सगळ्यांची तोंडं वर.

‘आत्या, कसंय?’

‘मोर छान आहेत. पण पाठीवर कसे येतील?’

‘कसे म्हणजे? जसे पुढे तसेच.’

‘आणि गळ्याजवळच्या मोराचं डोकं कुठे जाईल?’

तो हसला, दुकानदार हसला नाही. एकाच दिशेच्या नक्षीचं कापड हे टेलर मास्तरच्या सत्त्वपरीक्षेचं कापड असतं. सगळे भाग एकाच दिशेने बेतावे लागतात. उलटसुलट बसवून कापड वाचवायची सोय राहत नाही. पुढच्या दोन पाख्यांवर मोर समोरासमोर यायला हवेत, बटणं लावल्यावर मधला मोर पुरा व्हायला हवा, बाहीवरचा मोर छातीवरच्या मोराच्या रांगेत हवा. नक्षी जेवढ्या अंतराने पुन्हा येते तेवढं कापड या जुळवाजुळवीत जवळपास दर भागामागे वाया जातं. 44 इंची पन्ह्याच्या कापडात साध्या शेरवानीला साडेतीन-चार मीटर पुरतात; वितीएवढ्या नक्षीला मी आणखी मीटरभर तरी घ्यायला सांगते. आणि खांद्यावर शिवण नसलेला, पुढून मागे एकसंध जाणारा अंगरखा असेल तर पुढे ताठ उभे असलेले मोर पाठीवर डोक्यावर उभे राहतात. खाली डोकं वर पाय असलेल्या हत्तींचा कळप पाठीवर वागवणारा एक सेनापती मी ड्रेपरीच्या भाड्याच्या कपड्यांत प्रत्यक्ष पाहिला आहे. त्याला सबंध अंकभर प्रेक्षकांकडे पाठ करू दिली नव्हती म्हणे.

भाच्याने शेवटी त्याच रंगाचं, दूरदूर बुट्टी असलेलं कापड घेतलं. मोकळी जमीन भरपूर, बुट्टी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसणारी. त्याच्या सासरच्या एका काकांनी ‘जरा साधंच घेतलंत’ असं म्हटलंच. फोटो आल्यावर मात्र नवरदेव ओळखू येत होता, कारण बाकी सगळे पुरुष मोरांत होते.

छोट्या नाजूक नक्षीचंही एक आहे. हाताच्या अंतरावरून ती अप्रतिम दिसते, दहाव्या रांगेतून तिचा नुसता करडा-सोनेरी धूर होतो. मी कापड खुर्चीवर टाकते आणि दुकानाबाहेर जाऊन रस्त्यापलीकडून बघते. दुकानदारांना आता सवय झाली आहे. रस्त्यापलीकडून जे उरतं तेच प्रेक्षागृहात उरणार. कॅमेऱ्यासमोर याच्या उलट पंचाईत होते: दाट बारीक तिरप्या रेघांची विण पडद्यावर नाचायला लागते, लाटा आल्यासारखी. मोबाइलचा कॅमेरा कापडावरून हळूहळू फिरवला की हा दोष दुकानातच पकडता येतो.

उजेड हा आणखी मोठा विषय. भरजरी कापड घडलं ते समया, मशाली आणि झुंबरांच्या काळात. ज्योत हलते, जर पेटते, विझते, पुन्हा पेटते. जमीन काळोखात जाते आणि नक्षी तेवढी वर येते. आपल्या एलईडीच्या सपाट उजेडात सगळं एकदम, एकसारखं दिसतं. पिवळट प्रकाशात पिवळ्या जमिनीवरची सोनेरी नक्षी चक्क नाहीशी होते, तिच्यावर घातलेले पैसेही तिच्याबरोबर जातात. निळ्या प्रकाशात सोनेरी जर मळकी वाटते आणि रुपेरी उठून दिसते. त्यामुळे रात्रीच्या प्रवेशातल्या राणीला मी रुपेरी देते आणि जमीन गडद ठेवते, जांभळी किंवा बाटलीहिरवी. प्रकाशयोजनाकाराला कापडाचा तुकडा आधी नेऊन दाखवावा. तो वैतागतो, पण दाखवावा.

आणि अंगावरचे हाल. जेकार्ड ताणलं जात नाही. संगीत नाटकात गाणाऱ्याला छाती भरून श्वास घ्यायचा असतो, म्हणून छातीत सैल बेतावं आणि काखेत चौकोनी तुकडा जोडावा, हात वर करताना सबंध अंगरखा वर येत नाही. आत सुती अस्तर, त्याच्या आत सुती बंडी. पॉलिस्टरच्या कडक जेकार्डचा एक दुर्गुण दुकानात लक्षात येत नाही, तो म्हणजे आवाज. कॉलर माइक लावला की नटाच्या प्रत्येक हालचालीबरोबर खसखस ऐकू येते, स्वगतात तर विशेष. मी दुकानात कापड कानाशी नेऊन चुरगाळते. लोक बघतात, बघू देत.

शिवताना धाग्यांचं सुटणं हाच मोठा शत्रू. कापलेल्या कडेवर बोट फिरवलं आणि पाच-सहा धागे हातात आले, तर मास्तरला शिवणीत इंचभर तरी दाब ठेवायला आणि कापल्या कापल्या ओव्हरलॉक मारायला सांगावं. इस्त्री नेहमी उलट बाजूने, वर सुती कापड टाकून. कारण हल्लीची बहुतेक जर म्हणजे धातूचा मुलामा दिलेली प्लास्टिकची पट्टी. गरम इस्त्री लागली की आक्रसते आणि ते सुरकुतलेपण परत जात नाही. खरी जर म्हणजे रेशमावर गुंडाळलेली चांदीची चपटी तार, वर सोन्याचा मुलामा. टेस्टेड जरीत चांदीच्या जागी तांबं असतं. ती झिजली की लालसर पडते. कडेचा एक धागा काढून जाळला की प्लास्टिकचा लगेच गोळा होतो.

एवढं सगळं बोलून झाल्यावर हेही सांगायला हवं की अंगभर नक्षी शोभते अशी जागा असते. बालगंधर्वांच्या शालूंचं वेड त्या काळच्या बायकांना किती होतं आणि त्या थाटापायी गंधर्व नाटक मंडळी किती कर्जात गेली, हे आपण ऐकत आलोय. पण गाणारी नायिका एका जागी उभी राहून एक पद रंगवत नेते, तेव्हा प्रेक्षकांच्या डोळ्यांना दुसरं काम नसतं. पदराचा वेल बघायला त्यांच्याकडे वेळ असतो. तिथे मी हात राखत नाही. तलवार घेऊन धावणाऱ्याला तोच शालूचा तुकडा दिला तर सोनेरी गोंधळापलीकडे काही दिसत नाही.

स्वस्तात काम भागवायचं तर पडद्याचं आणि सोफ्याचं जेकार्ड मी सर्रास वापरते. पन्हा 54 इंची असतो, नक्षी मोठी आणि स्पष्ट असते, आणि दहाव्या रांगेतून ते किनखाबासारखं दिसतं. मात्र ते फक्त घड्या न पडणाऱ्या, बिनचुणीच्या कपड्याला चालतं: सरळ चोगा, जाकीट, सिंहासनावरची झूल. घेरदार जाम्याला वापरलं तर माणूस तंबूत उभा केल्यासारखा दिसतो. लग्नात अजिबात नको. तिथे माणसं जवळ येऊन कापडाला हात लावतात.

आणि जुने शालू. घड्यांवर चिरलेला, नेसता न येणारा शालू जुनी जर घेणाऱ्याला वजनावर द्यायची पद्धत अजून आहे. तो जाळून चांदी काढतो. त्याच्या आधी मी पोचायचा प्रयत्न करते. अंग गेलेलं असलं तरी काठ आणि पदर बहुतेक वेळा शाबूत असतात, आणि साध्या मलमलीच्या अंगरख्याला कॉलर, बाह्यांची टोकं आणि कमरबंद एवढंच तर लागतं. सध्या वहिनीच्या आईंचा एक जांभळा शालू माझ्याकडे टेबलावर पसरलेला आहे. त्यातून दोन शेले आणि एका पागोट्याचा पदर निघेल असा अंदाज आहे. काठाचा उरलेला तुकडा त्यांना उशीच्या अभ्र्यासाठी परत हवाय, तो आधी कापून बाजूला ठेवायचा आहे.